रक्तगटांचे जनक डॉ. कार्ल लँडस्टायनर

जून महिन्यात शाळा उघडली की कार्यालयात अर्जांचा ढीग लागतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, मातृभाषा यांच्याखाली अर्जात एक छोटा रकाना असतो : रक्तगट. पुष्कळ पालक तो कोरा सोडतात. काही जण आठवेल ते लिहितात, तर काही जण थोरल्या मुलाचा गट धाकटीच्या नावापुढेही लिहून मोकळे होतात. हे शेवटचे तर मुळीच बरोबर नाही, कारण एकाच आईवडिलांच्या दोन मुलांचे रक्तगट वेगळे असू शकतात. हा रकाना ज्यांच्यामुळे अर्जावर आला, त्या शास्त्रज्ञाचा जन्मदिवसही जूनमध्येच येतो. तारीख १४. सन २००४ पासून हा दिवस जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त या अंकात आम्ही डॉ. कार्ल लँडस्टायनर यांचे चरित्र विद्यार्थी मित्रांपुढे ठेवत आहोत. पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही ते शेवटपर्यंत वाचावे, कारण या कथेचा एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत आणि आपल्या घराण्यांपर्यंत येतो.

लँडस्टायनर यांचा जन्म १८६८ साली ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळच्या बाडेन या गावी झाला. वडील लिओपोल्ड हे नावाजलेले पत्रकार व संपादक होते. कार्ल जेमतेम सहा वर्षांचे असताना ते वारले. आई फॅनी यांनी एकुलत्या एक मुलाला वाढवले. आई आणि मुलगा यांची माया विलक्षण होती. १९०८ साली आई गेली तेव्हा त्यांनी तिच्या चेहऱ्याचा साचा करवून घेतला आणि तो अखेरपर्यंत आपल्या खोलीतल्या भिंतीवर ठेवला. स्वभावाने ते अबोल, काहीसे उदास. सभा-समारंभांपासून दूर राहणारे. पियानो मात्र उत्तम वाजवीत.

१८९१ साली व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळाली. त्या काळी नवा डॉक्टर दवाखाना थाटायचा. लँडस्टायनर यांनी तसे न करता पाच वर्षे रसायनशास्त्राचा अभ्यास केला. त्यासाठी ते झुरिक, वुर्झबुर्ग आणि म्युनिक अशा तीन ठिकाणी फिरले. वुर्झबुर्गला त्यांना एमिल फिशर यांच्यासारखे गुरू लाभले. डॉक्टरला इतके रसायन कशाला, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. पुढे त्यांनी जे काही केले त्यातले निम्मे या पाच वर्षांच्या शिदोरीवर केले, असे आम्हाला वाटते.

१८९६ साली ते व्हिएन्नाच्या आरोग्यशास्त्र संस्थेत माक्स ग्रुबर यांचे साहाय्यक झाले. हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याच वर्षी ग्रुबर आणि त्यांचा इंग्रज विद्यार्थी डरॅम यांनी एक गोष्ट जगापुढे मांडली होती. रोगजंतू टोचलेल्या प्राण्याच्या रक्तातले पाणी त्याच जंतूंच्या पातळ द्रावणात टाकले, की सुटे सुटे पोहणारे जंतू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे गठ्ठे होऊन खाली बसतात. रक्तातले हे पाणी म्हणजे सीरम. ताजे रक्त नळीत ठेवले की ते गोठते आणि वर पिवळसर पाणी सुटते, तेच हे. त्यात प्रतिपिंडे असतात. डॉक्टर मंडळी ज्यांना अँटिबॉडी म्हणतात ती हीच. शरीरात परका पदार्थ शिरला की त्याला अचूक ओळखून पकडणारी ही प्रथिने आहेत. टायफॉइडची शंका आली की आपल्याकडे डॉक्टर विडाल नावाची तपासणी लिहून देत आले आहेत. ती या शोधावरच आधारलेली आहे. घरोघरी तिचे नाव माहीत असते, पण तिच्यात पाहतात ते हे जंतूंचे गठ्ठे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१८९८ पासून पुढची दहा वर्षे लँडस्टायनर शवविच्छेदनाच्या विभागात होते. वाइक्सेलबाउम हे त्यांचे वरिष्ठ. या दहा वर्षांत त्यांनी ३,६३९ शवविच्छेदने केली. म्हणजे सरासरी रोज एक. दिवसा हे काम आणि उरलेल्या वेळात संशोधन, असा त्यांचा क्रम होता.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. एका माणसाचे रक्त दुसऱ्याला देण्याचे प्रयत्न जुनेच होते. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये मेंढीचे रक्त माणसाला देऊन पाहिले गेले. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या डॉ. ब्लंडेल यांनी बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या स्त्रियांना माणसाचे रक्त दिले. कुणी वाचे, कुणी तडफडून मरे, आणि असे का होते ते कुणालाच सांगता येत नसे. प्राण्याचे रक्त आणि माणसाचे रक्त एकत्र केले की तांबड्या पेशींचे गठ्ठे होतात, हे १८७५ च्या सुमारास जर्मनीत लांडोइस यांनी दाखवले होते. पण माणूस आणि माणूस यांच्यात काय फरक असणार? काही रुग्णांच्या सीरमने दुसऱ्या माणसाच्या पेशींचे गठ्ठे झालेले दिसले होते, तेव्हा तो रोगाचाच परिणाम असावा असे डॉक्टरांनी ठरवून टाकले.

लँडस्टायनर यांनी विचारले, की निरोगी माणसांचे रक्त घेऊन कुणी पाहिले आहे काय? असे रक्त मिळवायला त्यांना लांब जावे लागले नाही. त्यांनी स्वतःचे रक्त घेतले आणि प्रयोगशाळेतल्या पाच सहकाऱ्यांचे घेतले. श्टुर्ली, एर्डहाइम वगैरे ही सगळी तरुण डॉक्टर मंडळी होती. प्रत्येकाच्या रक्तातून सीरम वेगळे केले. तांबड्या पेशी मिठाच्या पातळ पाण्यात कालवल्या. मग प्रत्येकाचे सीरम प्रत्येकाच्या पेशींशी समप्रमाणात मिसळून पाहिले. सहा जणांचे सीरम आणि सहा जणांच्या पेशी, म्हणजे ३६ मिश्रणे. साधने म्हणाल तर काचेच्या नळ्या, काचपट्ट्या आणि सूक्ष्मदर्शक. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत यापेक्षा फार वेगळे काही नाही.

स्वतःच्याच सीरममध्ये कुणाच्याही पेशी चिकटल्या नाहीत. परक्याच्या सीरममध्ये मात्र काही मिश्रणांत गठ्ठे झाले, काहींत झाले नाहीत. निकाल तक्त्यात मांडताच त्यात एक नियम दिसला. पहिल्या गटाच्या सीरमने दुसऱ्या गटाच्या पेशींचे गठ्ठे होत, दुसऱ्याच्या सीरमने पहिल्याच्या होत. तिसऱ्या गटाच्या सीरमने दोन्हींच्या पेशी चिकटत, पण तिसऱ्याच्या पेशी कुणाच्याच सीरमने चिकटत नसत. या तिघांना त्यांनी ए, बी आणि सी अशी नावे दिली. सीला पुढे ओ म्हणू लागले. लँडस्टायनर स्वतः या तिसऱ्या गटातले होते.

याची पहिली चाहूल १९०० सालच्या त्यांच्या एका लेखात लागते, तीही तळटीपेत! सविस्तर लेख नोव्हेंबर १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या वैद्यकीय साप्ताहिकात आला. तो अवघा काही पानांचा होता. त्याच्या शेवटी, रक्त देताना कधी यश तर कधी अपयश का येते याचा उलगडा यातून होऊ शकेल, एवढेच त्यांनी नोंदवले आणि लेख संपवला. चौथा गट, एबी, त्या सहांत योगायोगाने कुणाचाच नव्हता. दुसऱ्याच वर्षी डेकास्टेलो आणि तोच श्टुर्ली यांनी दीडशेहून अधिक लोकांचे रक्त तपासले तेव्हा तो सापडला.

विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. रक्तगट ठरतो तो पेशींवरच्या खुणेने. ज्याच्या पेशींवर ए ही खूण, त्याच्या सीरममध्ये बीविरुद्ध प्रतिपिंडे असतात. ज्याच्या पेशींवर बी, त्याच्याकडे एविरुद्ध. ओ गटाच्या माणसाच्या पेशींवर या दोन्ही खुणा नसतात आणि सीरममध्ये दोन्ही प्रतिपिंडे असतात. एबीचे नेमके उलट. गंमत म्हणजे ही प्रतिपिंडे कुणी परके रक्त न घेताच, जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तयार होऊ लागतात. म्हणूनच लँडस्टायनर यांच्या तक्त्याला दोन बाजू होत्या. पेशी तपासल्या आणि सीरमही तपासले. ही दुसरी बाजू पुढे आपल्या कामी येणार आहे.

या शोधाचे स्वागत कसे झाले? झालेच नाही, असे म्हणायला हरकत नाही. रक्त शरीराबाहेर काढले की मिनिटांत गोठते, त्यामुळे रक्त देण्याची क्रिया दुर्मीळच होती. १९०७ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात रूबेन ऑटेनबर्ग यांनी रक्त देण्यापूर्वी दोघांचे रक्त जुळवून पाहण्यास सुरुवात केली. १९१४-१५ मध्ये सोडियम सायट्रेट घातल्यास रक्त गोठत नाही हे कळले आणि पहिल्या महायुद्धाच्या रणांगणावर त्याचा उपयोग झाला. तेव्हा कुठे १९०१ च्या त्या लेखाची किंमत जगाला उमगली.

लँडस्टायनर यांनी आणखी एक प्रयोग केला, त्याविषयी फारसे लिहिले जात नाही. माक्स रिश्टर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी कापडावर वाळलेल्या रक्ताचे डाग तपासले. डाग मिठाच्या पाण्यात भिजवला तर त्यातली प्रतिपिंडे पुन्हा पाण्यात उतरतात आणि आपले काम करतात, असे त्यांना दिसले. हे १९०२-०३ च्या सुमाराचे. गुन्ह्याच्या तपासात याचा उपयोग होईल असे त्यांनी सुचवले, आणि १९१५ च्या सुमारास इटलीच्या लिओने लात्तेस यांनी ती पद्धत प्रत्यक्षात आणली. आम्हाला यात दुसरेही काही दिसते. रक्त वाळले तरी प्रतिपिंडे जिवंत राहतात म्हणा ना, आणि त्यामुळे रक्ताचा नमुना कागदावर वाळवून दूर पाठवता येतो.

करोनाच्या साथीत याचा फार मोठा उपयोग झाला. टाळेबंदीत लोकांना प्रयोगशाळेत बोलावणे धोक्याचे होते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १०,००० पर्यंत निरोगी स्वयंसेवक हवेत असे जाहीर केले. पुष्कळांना घरी एक छोटी पेटी पाठवली. बोटाला बारीक टोचून रक्ताचे थेंब एका शोषक टोकावर घ्यायचे, वाळू द्यायचे आणि टपालाने परत पाठवायचे. हजारो नमुने तपासल्यावर असे दिसले, की २०२० च्या जुलैपर्यंत त्या देशात नोंद झालेल्या प्रत्येक रुग्णामागे नोंद न झालेले आणखी सुमारे पाच जण होते. त्याच उन्हाळ्यात लंडनच्या इंपीरियल कॉलेजने इंग्लंडमधल्या १ लाखाहून अधिक लोकांना घरच्या घरी बोटाच्या थेंबावर तपासणी करायला लावली. तेथे सुमारे ६ टक्के लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडे आढळली. साथ किती पसरली होती हे सरकारला कळले ते सामान्य लोकांनी आपल्या हाताने काढलेल्या थेंबांवरून.

अशी पेटी कधी आपल्या घरी आली तर काय करावे, तेही सांगून ठेवतो. हात कोमट पाण्याने धुऊन पुसावेत. बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता किंचित कडेला टोचावे, तेथे दुखते कमी. पहिला थेंब पुसून टाकावा आणि पुढचे घ्यावेत. बोट जोराने पिळू नये, त्याने रक्तात ऊतींचे पाणी मिसळते. नमुना पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नये. मुलांनी हे मोठ्यांच्या देखरेखीखालीच करायचे. प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात, म्हणून ताप आला त्याच दिवशी ही तपासणी केल्यास उत्तर चुकीचे येऊ शकते. आणि प्रतिपिंडे सापडली याचा अर्थ माणूस आज आजारी आहे असाही नव्हे.

पुन्हा लँडस्टायनर यांच्याकडे वळू. १९०८ साली ते व्हिएन्नाच्याच विल्हेल्मिनेन रुग्णालयात गेले. त्याच वर्षी त्यांनी एर्विन पॉपर यांच्यासह पोलिओचा छडा लावला. पोलिओने दगावलेल्या एका लहान मुलाच्या मज्जारज्जूचा अंश त्यांनी दोन माकडांना टोचला आणि माकडांनाही तोच आजार झाला. त्या अंशात जिवाणू कोठेही सापडत नव्हते. म्हणजे याचे कारण जिवाणूंहूनही सूक्ष्म असले पाहिजे, असे त्यांनी अनुमान काढले. पुढे माकडे मिळेनात, म्हणून उरलेले काम त्यांना पॅरिसच्या पाश्चर संस्थेत जाऊन करावे लागले. १९११ साली विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक केले, पण पगाराशिवाय. हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

वयाच्या ४८ व्या वर्षी, १९१६ साली, त्यांचा विवाह लिओपोल्डिने हेलेने व्लास्टो यांच्याशी झाला. दुसऱ्या वर्षी मुलगा झाला. पण युद्ध संपले आणि ऑस्ट्रियाचे साम्राज्य कोसळले. व्हिएन्नात अन्न नाही, कोळसा नाही, प्रयोगशाळेसाठी पैसा तर नाहीच. पन्नाशी उलटलेल्या या माणसाने बिऱ्हाड उचलले आणि हॉलंडमधल्या हेग शहरी एका छोट्या कॅथलिक रुग्णालयात नोकरी धरली. तेथे रुग्णांच्या लघवीच्या आणि रक्ताच्या रोजच्या तपासण्या कराव्या लागत. रक्तगटांचा शोध लावणारा शास्त्रज्ञ एका लहानशा खोलीत हे काम करीत होता. त्याही स्थितीत त्यांनी डझनभर शोधनिबंध लिहिले.

१९२२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावले आणि पुढचे सारे आयुष्य तेथे गेले. १९२९ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. हेगमध्ये सुरू केलेले एक काम त्यांनी येथे पुरे केले. ते समजायला थोडे अवघड आहे, पण सोडून देण्यासारखे नाही. प्रतिपिंड परक्या पदार्थाला किती बारकाईने ओळखते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी लहान लहान रासायनिक रेणू प्रथिनांना जोडले आणि ते प्राण्यांना टोचले. प्राण्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे त्या रेणूला ओळखत. इतकेच काय, तोच रेणू पण त्यातला एखादा अणुगट शेजारच्या जागी सरकवलेला असला, तरी प्रतिपिंडांना तो फरक कळे. कुलूप-किल्लीची उपमा येथे अगदी चपखल बसते. एका थेंबातून एकाच रोगाची प्रतिपिंडे हुडकता येतात ती या नेमकेपणामुळे. तरुणपणी घालवलेली रसायनाची पाच वर्षे येथे फळाला आली. चरित्रकार सांगतात, की लँडस्टायनर यांना स्वतःला रक्तगटांपेक्षा हेच काम अधिक मोलाचे वाटत असे.

जगाने मात्र रक्तगटांनाच माळ घातली. १९३० साली त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, म्हणजे त्या लेखानंतर २९ वर्षांनी. दरम्यान फिलिप लेव्हिन यांच्यासह त्यांनी १९२७ मध्ये एम, एन आणि पी या आणखी खुणा शोधल्या होत्या.

रक्ताबरोबर लाळेकडेही त्यांचे लक्ष होते. ए आणि बी या खुणा पुष्कळ माणसांच्या लाळेतही उतरतात, हे तोवर कळले होते. सुमारे ८० टक्के लोकांत त्या आढळतात, उरलेल्यांत नाही, आणि हा गुण आईवडिलांकडून येतो. पेशींवरून ही खूण सुटी करणे कठीण, लाळेत ती आयती विरघळलेली मिळते. म्हणून लँडस्टायनर यांनी आधी घोड्याच्या आणि नंतर माणसाच्या लाळेतून ती वेगळी करून तिचे रसायन तपासले. माणसाच्या लाळेवरचा त्यांचा लेख १९४१ सालचा, म्हणजे वयाच्या ७३ व्या वर्षाचा आहे.

लाळेत रक्तगटाच्या खुणांशिवाय प्रतिपिंडेही असतात, पण रक्तापेक्षा फारच कमी. त्यामुळे लाळेची तपासणी अधिक नाजूक. नमुना देण्यापूर्वी निदान पंधरा-वीस मिनिटे खाणे-पिणे टाळावे लागते. जुलै २०१२ मध्ये अमेरिकेत एचआयव्हीची घरी करता येण्याजोगी तपासणी मंजूर झाली. तिच्यात हिरड्यांवरून एक पट्टी फिरवून तोंडातल्या ओलाव्यातली प्रतिपिंडे पाहतात. संसर्गानंतरच्या सुरुवातीच्या काळात, सुमारे तीन महिन्यांपर्यंत, तिचे उत्तर चुकू शकते आणि ती होकारार्थी आली तर रक्ताची पक्की तपासणी करावीच लागते. सुईची भीती वाटणाऱ्यांची आणि दवाखान्यात जायला संकोचणाऱ्यांची मात्र तिने मोठी सोय केली.

१९३९ साली ते निवृत्त झाले. पण घरी बसले नाहीत. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासह त्यांनी र्‍हिसस माकडाच्या तांबड्या पेशी सशांना टोचून जे सीरम मिळवले, त्याने न्यूयॉर्कमधल्या सुमारे ८५ टक्के गोऱ्या लोकांच्या पेशींचे गठ्ठे झाले, उरलेल्या १५ टक्क्यांच्या झाले नाहीत. आपल्या रक्तगटापुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असे जे लिहितात ते यावरून. भारतात निगेटिव्ह लोकांचे प्रमाण याहून बरेच कमी आहे. निगेटिव्ह आईच्या पोटी पॉझिटिव्ह बाळ असले की आईच्या प्रतिपिंडांमुळे, विशेषतः दुसऱ्या खेपेला, बाळाला धोका होतो. लेव्हिन यांनी त्याचा उलगडा केला आणि १९६८ पासून त्यावर प्रतिबंधक इंजेक्शन मिळू लागले. किती घरांतली दुसरी, तिसरी मुले यामुळे हसती-खेळती राहिली, याचा हिशेब करणे कठीण आहे.

शेवटच्या वर्षांत लँडस्टायनर यांच्या पत्नीला गळ्यातल्या ग्रंथीचा कर्करोग झाला होता. ते त्या रोगावर संशोधन करू लागले होते. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करीत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. हातात पिपेट होती. दोन दिवसांनी, २६ जून रोजी, त्याच संस्थेच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वर्ष संपण्यापूर्वी पत्नीही गेली. प्रतिपिंडांच्या नेमकेपणावरील त्यांच्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती १९४५ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाली. ज्या देशाने त्यांना बिनपगारी प्राध्यापक केले होते त्याने १९९७ साली आपल्या १००० शिलिंगच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

आता मुंबईची गोष्ट. लँडस्टायनर यांच्या निधनाला नऊ वर्षे झाली होती. १९५२ साली मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीन माणसांचे रक्त विलक्षण वाटले. पेशी तपासल्या तर त्यांवर ए नाही, बी नाही. म्हणजे गट ओ असायला हवा. पण त्यांच्या सीरमने ओ गटाच्या पेशींचेही गठ्ठे होत होते! ए आणि बी या खुणा ज्या मूळ खुणेवर उभ्या राहतात, ती एच नावाची खूणच या माणसांच्या पेशींवर नव्हती. ओ गटाच्या माणसात ती असते. म्हणून यांचे शरीर ओ रक्तालाही परके मानत होते. त्यांच्या लाळेतही ए, बी वा एच यांपैकी काहीच सापडले नाही. पेशी, सीरम आणि लाळ या तिघांनी मिळून कोडे सोडवले. इंग्लंडमधल्या तज्ज्ञांसह लिहिलेला हा शोध लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि या गटाला बाँबे रक्तगट हे नाव पडले. शहराचे नाव १९९५ साली मुंबई झाले, रक्तगटाचे जुनेच राहिले.

हा गट आपल्या देशात ढोबळमानाने दहा हजारांत एकाचा असतो, असे मानले जाते. युरोपात तो अतिशय दुर्मीळ आहे. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही तो अंश आला तरच मुलात हा गट दिसतो. त्यामुळे नात्यात विवाह होणाऱ्या घराण्यांत तो आढळण्याची शक्यता वाढते. आपल्या इंदुरातली कित्येक मराठी कुटुंबे होळकरांच्या काळापासून कोकणातून आणि देशावरून येथे आली, आणि सोयरिकी पुष्कळदा आपल्या आपल्यातच होत राहिल्या. घाबरण्याचे काहीच कारण नाही. या गटाचा माणूस अगदी सामान्य, निरोगी आयुष्य जगतो. प्रश्न उभा राहतो तो रक्त लागते तेव्हा, कारण त्याला दुसऱ्या बाँबे गटाचेच रक्त चालते.

म्हणून पालकांना विनंती अशी. शिबिरात काचपट्टीवर थेंब घेऊन जो गट सांगतात, त्यात बहुधा फक्त पेशी तपासलेल्या असतात. तेवढ्या तपासणीत बाँबे गट सरळ ओ म्हणून लिहिला जातो. रक्तपेढीत सीरमही तपासतात आणि तेथे तो उघड होतो. मुलाचा गट ओ लिहून आला असेल तर एकदा रक्तपेढीत पेशी आणि सीरम दोन्ही तपासून घ्यावेत आणि त्याचा कागद अर्जाला जोडावा. घरात कुणाचा बाँबे गट निघाला तर त्याच्या सख्ख्या भावंडांचे रक्त आधी तपासावे, कारण तोच गट असलेला दुसरा माणूस सापडण्याची शक्यता सगळ्यांत जास्त तेथेच असते.